पूरपट्ट्यातला शेतकरी आधी वाफसा बघतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या चार गावांत तुम्ही दोन वर्षं मृद-जलसंधारणाचं काम करताय. सभा झाल्या, मातीचे नमुने तपासून झाले, पत्रकं वाटून झाली. काही शेतकरी आपण होऊन पुढे येतात आणि त्यांच्याच बांधाला बांध असलेले दुसरे जागचे हलत नाहीत. मग शेतकरी या पद्धती नेमक्या कशामुळे स्वीकारतात?

शिरोळ, मिरज, वाळवा, हातकणंगले या पट्ट्यात माती आणि निचऱ्याचं काम करताना माझी तीस वर्षं गेली. उत्तर जरा लांबेल, कारण सरळ "जागृती कमी पडते" म्हणून सोडून देण्यासारखा हा प्रश्न नाही. जागृती इथं भरपूर आहे. रान खराब होतंय हे या पट्ट्यातल्या शेतकऱ्याला प्रयोगशाळेच्या कागदाआधी दोन-तीन वर्षं कळलेलं असतं.

सुरुवात वाफशापासून करतो. पूरपट्ट्यातल्या माणसाचं सगळं गणित त्या एका शब्दाभोवती फिरतं. मूठभर माती दाबली की लाडू व्हावा आणि अंगठ्यानं टोचला की तो फुटावा, म्हणजे मातीत पाणीही आहे आणि हवाही आहे. दुष्काळी भागात पाणी नसतं म्हणून वाफसा मिळत नाही. आपल्याकडे पाणी हटत नाही म्हणून मिळत नाही. दुष्काळी आटपाडीचा आणि नदीकाठच्या अर्जुनवाडचा शेतकरी एक-दोन जिल्ह्यांच्या अंतरात राहतात, पण "पाणी" म्हटल्यावर एकाच्या मनात ओढ उभी राहते आणि दुसऱ्याच्या मनात धास्ती. तुमच्या पत्रकावर वर "पाणी अडवा, पाणी जिरवा" छापलं असेल, तर नदीकाठच्या माणसानं ते तिथंच घडी करून खिशात घातलं असं समजा. त्याचं दुखणं आहे ते पाणी काढून देण्याचं.

हे मी चूक करून शिकलो. नोकरीच्या पहिल्या वर्षांत एका योजनेत नदीकाठच्या एका गावात बांधबंदिस्तीचा आराखडा आला. उताराला आडवे बांध, ठरावीक उंची, ठरावीक अंतर, सगळं नियमाप्रमाणे. आराखडा ज्या कार्यालयात तयार झाला तिथं हलक्या, उताराच्या रानांचा अनुभव होता आणि मीही तो डोळे झाकून राबवला. पहिल्याच जुलैत त्या बांधांच्या आत गुडघाभर पाणी साचलं. नदीचं पाणी दोन दिवसांत उतरलं, पण बांधाच्या आतलं बारा दिवस हललं नाही. सोयाबीन पिवळं पडून बसलं. एका सकाळी जाऊन बघतो तर रात्रीत कुणीतरी कुदळीनं प्रत्येक बांधाला तोंड पाडलेलं. मला राग आला होता. आज वाटतं, त्या रात्री त्या गावात जलसंधारणाचं खरं ज्ञान कुदळ धरणाऱ्याकडे होतं.

तेव्हा पहिलं उत्तर हे: ज्या कामानं वाफसा लवकर येतो, ते काम शेतकरी स्वीकारतो. ज्यानं लांबतो, ते अनुदान घेऊन करतो आणि नंतर मोडतो.

आता आपली जमीन काय आहे ते थोडं बघू, म्हणजे पुढचं कळेल. महाबळेश्वरहून निघालेली कृष्णा कराडला कोयना घेते, सांगलीजवळ हरिपूरला वारणा घेते आणि नृसिंहवाडीला पंचगंगा. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती यांचं पाणी पंचगंगेतून आलेलं. म्हणजे सह्याद्रीच्या धुवाधार पावसाचं पाणी शिरोळच्या सपाटीवर येऊन एकमेकाला भिडतं आणि तुंबतं. हजारो वर्षं तुंबलं म्हणूनच इथं पोयट्याचे, म्हणजे नदीच्या गाळमातीचे, थर बसले, नदीकाठची रानं काळी कसदार झाली, कृष्णाकाठच्या वांग्याला चव आली. याच जमिनीत चिकणमातीचं प्रमाण जास्त, उतार जवळजवळ नाहीच आणि वर बारमाही ऊस. उसाला पिकाच्या पूर्ण काळात 200 ते 250 सेंटीमीटर पाणी लागतं असं धरतात. आपण पाटानं त्याहून जास्तच देतो. जादा पाणी खाली जातं, पाण्याची पातळी वर येते, सोबत क्षार वर येतात. त्यातच नदीवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे असल्यानं नदीही हिवाळा-उन्हाळा भरलेली राहते आणि रानातलं पाणी नदीकडे ओढलं जायचं ते मंदावतं. बंधारे नसते तर ऊसही नसता, म्हणून मी त्यांना दोष देत नाही. पण ही किंमत आहे, आणि ती नदीच्या सगळ्यात जवळच्या रानानं मोजली.

हे शेतकऱ्याला कसं दिसतं, ते एका रानातलं सांगतो. जानेवारीची सकाळ होती. लागणीचा ऊस तुटून गेलेला, खोडव्याला, म्हणजे तुटल्या बुडख्यांतून पुन्हा फुटलेल्या उसाला, जागोजागी टक्कल पडलेलं आणि सऱ्यांच्या माथ्यावर पांढरी साय. "मीठ फुटलंया," मालक म्हणाले. आम्ही गिरमिटानं चार फुटांचं भोक घेतलं. वरचा वीतभर कोरडा, खाली काळा चिकट गारा. भोक मोकळं ठेवून बांधावर चहा प्यायलो. अर्ध्या तासात पाणी वर येऊन जमिनीपासून हातभर खाली थांबलं. मालकांनी बोट बुडवून जिभेला लावलं, थुंकले आणि बायकोकडे बघून म्हणाले, "वडलांनी ह्याच रानातल्या विहिरीचं पाणी पिऊन जन्म काढला." त्यांच्या सांगण्याप्रमाणे त्या तीस गुंठ्यांत एकेकाळी एकरी साठ टनांच्या हिशेबानं ऊस निघायचा. त्या वर्षी वीससुद्धा नव्हता.

त्या भोकासमोरचा अर्धा तास कुठल्याही प्रशिक्षणापेक्षा जास्त काम करतो. क्षारता 4 डेसीसायमनच्या वर गेली, सामू (पीएच) 8.5 च्या पुढे गेला, विनिमययुक्त सोडियम 15 टक्क्यांवर गेलं, हे आकडे महत्त्वाचे आहेत, त्यावरूनच जमीन क्षारयुक्त की चोपण (सोडियम वाढून बिघडलेली) ते ठरतं आणि उपाय बदलतो. पण आकड्यानं शेतकरी हलत नाही. पाणी मुळांच्या किती जवळ येऊन थांबलंय हे डोळ्यांनी बघितलं की हलतो. तोपर्यंत तो खत वाढवत असतो, बेणं बदलत असतो, कुणाच्या सांगण्यावरून जिप्सम टाकत असतो. निचरा नसताना जिप्सम टाकणं म्हणजे भांडं घासून घाण पाणी त्याच भांड्यात ठेवणं. जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमला मातीच्या कणावरून सोडवेल, पण सुटलेलं सोडियम वाहून जायला वाट पाहिजे. शिवाय आपल्या बऱ्याच काळ्या रानांत चुनखडी आधीच आहे. तिथं गंधकाचा विचार करावा लागतो, कारण जिवाणू गंधकाचं आम्ल करतात आणि ते मातीतल्याच चुन्यातलं कॅल्शियम मोकळं करतं. जिप्समच्या पोत्यांवर पैसे घालून फसलेला शेतकरी पुढं निचऱ्याच्या नावालाही कान देत नाही. तुमच्या गावातले जे "हलत नाहीत", त्यांच्यात असे किती आहेत ते आधी विचारा.

आता मुख्य अडचणीकडे येतो. भूमिगत निचरा म्हणजे साडेतीन-चार फूट खोलीवर सच्छिद्र, गाळणीचं कापड गुंडाळलेले पीव्हीसी पाईप, साधारण 25-30 मीटर अंतरानं, हलक्या उतारावर. ते सगळे मोठ्या पाईपला जोडायचे, मध्ये चेंबर करायचे आणि शेवटी पाणी नाल्यात काढायचं. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात या पट्ट्यातल्या जमिनींवर यावर बरीच वर्षं काम झालंय, तंत्रात आता फारसं गूढ राहिलेलं नाही. गूढ आहे ते शेवटच्या वाक्यात: "शेवटी पाणी नाल्यात काढायचं." नाला कुणाच्या रानापलीकडे आहे?

वर सांगितलेल्या त्या तीस गुंठ्यांत मी पाईप घालून दिले. मालक तयार, पैसे तयार, मीही उत्साहात. खालच्या बाजूला भावकीतल्याच एकाचं रान होतं, त्यापलीकडे ओढा. पाईपचं तोंड मी त्या रानाच्या कडेच्या जुन्या चरात सोडलं. चर पूर्वापार होता, म्हणून विचारायची गरज वाटली नाही. पहिल्या आठवड्यात करंगळीएवढी धार सुरू झाली, चहाच्या रंगाची, जिभेला कडू. चौथ्या आठवड्यात धार बंद. जाऊन बघितलं तर चिखलानं भरलेलं पोतं पाईपच्या तोंडात दाबून बसवलेलं. खालच्या मालकाला भेटलो, तर त्यांनी विचारलेल्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं: "त्यांच्या रानातलं मीठ माझ्या बांधाला का?" बरोबर होतं त्यांचं. त्यांचा चर गाळानं अर्धा भरलेला होता, पाणी ओढ्यापर्यंत पोचत नव्हतं, त्यांच्याच रानात मुरत होतं. वरच्याचं रान सुधारायचं म्हणून मी खालच्याचं नासवत होतो.

त्या पोत्यानंतर मी एकट्याच्या रानात निचऱ्याचं काम कधीच केलं नाही. आधी नाला, मग चर, मग पाईप. म्हणजे कामाची सुरुवात सगळ्यात खालच्या माणसापासून. नाल्याला लागून ज्याचं रान, तो बहुतेक वेळा सगळ्यात जास्त बुडालेला आणि सगळ्यात कमी ऐपतीचा असतो. सभेला तो मागे बसतो. पण सगळ्या शिवाराची किल्ली त्याच्याकडे असते. त्याच्या रानातून मुख्य पाईप नेणार असाल, तर त्याचा निचरा आधी आणि कमी खर्चात झाला पाहिजे, हे वरच्या लोकांनी मान्य केलं की काम पुढं सरकतं.

शिरोळच्या श्री दत्त साखर कारखान्यानं गणपतराव पाटील यांच्या पुढाकारानं गावोगाव जो सामूहिक क्षारपड सुधारणेचा कार्यक्रम उभा केला, त्याचं मोल मला इथं दिसतं. एकट्या शेतकऱ्याला जे जमत नाही, म्हणजे अख्ख्या शिवाराचा नकाशा, मुख्य नाल्याची साफसफाई, सगळ्यांची संमती आणि कर्जाची सोय, ते एका छताखाली आलं. एका गावात धार सुरू झाली की शेजारच्या गावातून लोक मोटरसायकलीवर ती धार बघायला येतात. मी बघितलंय, येऊन पाच मिनिटं नुसते पाईपच्या तोंडाकडे बघत उभे राहतात. निचरा जमिनीखाली पुरलेला असतो, दिसते ती फक्त धार. म्हणून पाईपचं तोंड झुडपात लपवू नका, रस्त्यावरून दिसेल असं ठेवा.

गोव्याच्या खाजनांचं उदाहरण मला इथं नेहमी आठवतं. खाडीकाठची ती शेतं भरतीच्या पातळीखाली आहेत. मातीचे बांध आणि मानशीची, म्हणजे भरतीचं पाणी अडवणारी, दारं यांवर त्यांचा जीव. एकाचा बांध फुटला तर खारं पाणी सगळ्यांच्या भातात शिरतं, म्हणून बांधाची राखण ही गावकरीची, म्हणजे साऱ्या गावाची जबाबदारी होती. जिथं ती व्यवस्था ढिली पडली तिथं खाजनं बुडाली. आपल्या पूरपट्ट्यातही बांध खासगी असला तरी पाणी खासगी नाही.

दुसरी मोठी गोष्ट वेळेची, आणि ती कार्यकर्त्यांच्या लक्षात येत नाही म्हणून जरा थांबून सांगतो. आपल्याकडे लागण, खोडवा, कधी निडवा (खोडव्यानंतरचं पुढचं पीक), असं मिळून रान अडीच-तीन वर्षं उसाखाली असतं. पाईप घालायला मशीन रानात उतरायचं तर रान मोकळं पाहिजे. मोकळं रान शेवटचं पीक तुटल्यावर, फेब्रुवारी ते मे. त्यातही माती मशीनचं वजन पेलेल इतकी सुकली पाहिजे. म्हणजे एका शेतकऱ्याला हे काम करायची संधी तीन वर्षांतून एकदा, तीसुद्धा तीन-साडेतीन महिन्यांची. त्याच सुमारास हातात उसाचं बिल असतं. तुम्ही सप्टेंबरात सभा घेतली, त्यानं हात वर केला आणि मंजुरी जूनमध्ये आली, तर तो "नाही" म्हणाला अशी नोंद होते. तो नाही म्हणालेला नसतो, त्याची संधी तीन वर्षं पुढं गेलेली असते. गावातल्या जमिनीच्या प्रत्येक गटाचा ऊस कोणत्या टप्प्यावर आहे याची एक साधी वही करा. कुणाकडे कोणत्या वर्षी जायचं ते त्या वहीतून कळेल. खर्च एकरी लाखाच्या आसपास जातो, नाला लांब असेल तर वाढतो. हा खर्च उसाच्या बिलातून तीन-चार हप्त्यांत कापून जाणार असेल तर माणूस धाडस करतो. एकरकमी मागाल तर मुलीचं लग्न आणि घराची दुरुस्ती आधी येणार, आणि ते योग्यच आहे.

सगळ्याच पद्धती इतक्या जड नसतात. पाचटाचं, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याचं, बघा. एका एकरातून तीन-चार टन पाचट निघतं आणि वर्षानुवर्षं ते पेटवून दिलं जात होतं. आज या भागात पाचट ठेवणारे पुष्कळ झालेत. सेंद्रिय कर्ब वाढतो म्हणून ठेवतात का? आम्ही तसं सांगत होतो, पण बांधावर विचारलं तर वेगळं ऐकू येतं. एका मावशींनी मला खोडव्याच्या सरीत हात घालून पाचट वर उचलून दाखवलं. खाली माती काळीभोर, भुसभुशीत, दोन गांडुळं वळवळत होती. म्हणाल्या, "दोन वर्सं झाली, मी ह्या रानात भांगलायला आलोच न्हाई." त्यांच्या दृष्टीनं फायदा हा: भांगलणीचे वाकून काढायचे दिवस वाचले आणि मजुरी वाचली. गांडुळं मला दिसली, त्यांना तण न उगवलेलं दिसलं. पद्धत एकच होती.

पाचट ठेवण्याची रीत सोपी आहे. बुडखे जमिनीलगत छाटायचे, पाचट सरीत दाबायचं, एकरी 32 किलो युरिया, 40 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 4 किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक टाकायचं, मग पाणी. पूरपट्ट्यात एकच पथ्य जास्तीचं आहे. ऊस उशिरा तुटला, पाचट मार्च-एप्रिलात पसरलं आणि कुजवायची काळजी घेतली नाही, तर जुलैचं पाणी ते उचलून शेजाऱ्याच्या रानात नेऊन टाकतं आणि पुन्हा भांडण. डिसेंबर-जानेवारीत तुटलेल्या उसाचं पाचट पावसाळ्यापर्यंत मातीला धरून बसतं. नदीच्या अगदी काठच्या गटांना तोडणी लवकर मिळावी, ही मागणी म्हणूनच मातीच्या दृष्टीनंही महत्त्वाची आहे. तोडणीचा कार्यक्रम मात्र शेतकऱ्याच्या हातात नसतो.

विना-नांगरणीचंही असंच. कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर यांनी स्वतःच्या रानात वर्षानुवर्षं करून बघून ती पद्धत लोकांपुढं ठेवली. ज्यांनी ती घेतली त्यातले बरेच जण नांगरटीचा आणि ट्रॅक्टरचा खर्च वाचतो म्हणून आले आणि माती सुधारली म्हणून टिकले. शिरण्याचं दार आणि राहण्याचं कारण अशी दोन वेगळी असतात, हे मनाशी पक्कं ठेवा. तुम्ही शेतकऱ्याला राहण्याचं कारण सांगत असता, तो दार शोधत असतो.

ठिबकचं दार म्हणजे रात्रीची वीज. आठवड्यात काही दिवस वीज रात्रीचीच असते. अंधारात, चिखलात, साप-किरडाच्या धास्तीनं पाटाच्या पाण्याची दारं मोडत फिरायचं, त्यापेक्षा ठिबकचा व्हॉल्व्ह फिरवून घरी यावं, हे घरातल्या पोराला पटतं आणि तो बापाला पटवतो. अल्प-अत्यल्प भूधारकांना मंजूर खर्चाच्या 80 टक्के आणि इतरांना 75 टक्के अनुदान आहे, त्यानं हातभार लागतो. पाणी वाचतं हा मुद्दा मात्र इथं चालत नाही, आणि त्याला सबळ कारण आहे. बऱ्याच पाणीपुरवठा संस्थांची पाणीपट्टी एकरावर ठरते. पाणी कमी घेतलं म्हणून पट्टी कमी होत नाही आणि पाळी वीस दिवसांनी येणार असेल तर आज भरून घेणं हाच शहाणपणा ठरतो. संस्थेनं पाळीचं अंतर कमी करून दर पाळीला थोडं पाणी दिलं, तर कुणालाही उपदेश न करता पाण्याचा वापर उतरेल. या बाबतीत एकेका शेतकऱ्याऐवजी संस्थेच्या संचालक मंडळाकडे जा.

ठिबक घेतलेल्यांना 2019 च्या महापुरानं मोठा धडा दिला. ऑगस्टमध्ये सांगलीला इर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं, जिथं 45 फूट ही धोक्याची पातळी. 2005 चा महापूर पाहिलेल्या लोकांनी त्या वेळच्या खुणेपर्यंतच सामान हलवलं होतं. मोटारी, फिल्टर, नळ्यांची भेंडोळी, सगळं गेलं. 2021 ला पुन्हा महापूर. त्यानंतर काही जणांनी ठिबक पुन्हा घातलंच नाही. त्यांना जुनाट विचारांचे म्हणू नका. ज्यांनी पुन्हा घातलं त्यांनी फिल्टर आणि मोटारीची जोडणी चटकन सुटेल अशी करून घेतली आणि इशाऱ्याची पातळी आली की उचलायची, असा घरात नियम केला. पूरपट्ट्यात पद्धत टिकायची असेल तर ती एका दिवसात सोडवून घरी नेता आली पाहिजे किंवा पाण्याखाली पंधरा दिवस राहूनही जिवंत राहिली पाहिजे. भूमिगत निचरा दुसऱ्या प्रकारातला आहे. पुरानंतर चेंबरमधला गाळ काढला आणि तोंड मोकळं केलं की तो पुन्हा चालू होतो. ज्या रानांत निचरा होता तिथं पुराचं पाणी उतरल्यावर वाफसा आधी आला, हे शेजाऱ्यांनी स्वतः बघितलं. त्या दोन पुरांनी जेवढी मागणी तयार केली, तेवढी आमच्या सगळ्या मेळाव्यांनी केली नव्हती.

पिकाबद्दल एक सांगायला हवं. बाहेरून येणारे लोक आधी ऊस कमी करायला सांगतात. क्षारपडीच्या दृष्टीनं ते खरं आहे. पण नदीकाठच्या माणसानं ऊस धरलाय त्याचं एक कारण पूरच आहे. सोयाबीन, भुईमूग चार दिवसांत संपतात. ऊस उंच असला आणि शेंडा पाण्याबाहेर राहिला तर आठवडाभरही तग धरतो. शेंडा बुडाला, पोंग्यात गाळ बसला की तो कुजतो आणि कांडीवरचे डोळे फुटू लागतात, तेव्हा मात्र नुकसान ठरलेलं. म्हणून इथले जाणते शेतकरी काठच्या रानात लागण अशी धरतात की ऑगस्टपर्यंत ऊस डोक्याच्या वर गेलेला असावा. ऊस हा त्यांचा पुराचा विमा आहे. विमा सोडा म्हणण्यापेक्षा तुटल्यानंतरच्या मोकळ्या काळात हिरवळीच्या खतासाठी ताग किंवा धैंचा घेऊन गाडा, लागणीऐवजी एखादं वर्ष हरभरा-शाळू घ्या, क्षार सहन करणारा फुले 265 हा उसाचा वाण निवडा, असं सांगितलं तर ऐकून घेतात आणि करतातही. ताग त्यांच्या आजोबांनी केलेलाच असतो.

नदीच्या कडेचा प्रश्न सगळ्यात अवघड आणि त्यावर माझ्याकडे समाधानकारक उत्तर नाही. पूर झपाट्यानं उतरला की भिजलेली उभी कड स्वतःच्या वजनानं ढासळते. एका रात्रीत दोन-दोन सऱ्या नदीत जातात. करंज, बांबू, वाळा लावून कड धरता येते, पण ती धरायला सलग पट्टा लागतो आणि झाड मोठं व्हायला वर्षं लागतात. त्याच वेळी वीटभट्टीवाला पोयट्याच्या मातीला रोख पैसे देतो. ज्याला वाटतं की काठची माती अशीही नदी नेणार आहे, तो ती विकून मोकळा होतो. त्याच्याशी नैतिकतेच्या गोष्टी बोलून उपयोग होत नाही. त्याच्या शेजारच्या चार जणांची कड ढासळते ती त्यानं खणलेल्या खड्ड्यामुळे, हे दाखवून त्या चौघांनी एकत्र बोलणं हा एकच मार्ग मी चाललेला बघितलाय. तोही सगळीकडे चालला नाही.

मालकीचा मुद्दा थोडक्यात. सातबाऱ्यावर नाव एकाचं, कसणारा दुसरा, हे प्रमाण वाढतंय. खंडानं किंवा निम्म्या वाट्यानं कसणारा पाचट ठेवील, ताग करील, कारण फळ त्याच वर्षी मिळतं. पाईप तो घालणार नाही, त्याला पुढच्या पाडव्याला हे रान मिळेल की नाही ठाऊक नसतं. मालक पुण्या-मुंबईत असेल तर त्याला फोनवर भोकातल्या पाण्याचा व्हिडिओ पाठवा. मी तीन ठिकाणी असं करून संमती मिळवलीय. आणि भावकीत वाटणीचा दावा चालू असलेल्या गटात शक्ती घालवू नका, आधी बाकीचे घ्या.

तुम्ही विचारलं होतं की पुढं काय करावं. येत्या सप्टेंबरात, पाणी उतरल्यावर, एक दिवस काढा. गावातले दोन-तीन जुने शेतकरी आणि पाणीपुरवठा संस्थेचा पाणी सोडणारा पाटकरी बरोबर घ्या आणि नाला नदीच्या तोंडापासून वर चालत या. कुठं गाळ साचलाय, कुठं मोरी छोटी पडलीय, कुठं कुणी नाला नांगरून रानात घेतलाय ते लिहीत चला. पाटकऱ्याला यातलं सगळं माहीत असतं, त्याला कुणी विचारलेलं नसतं. मग नाल्याला लागून ज्यांचं रान आहे त्यांच्या घरी संध्याकाळी जा. ते आधी तक्रारी सांगतील, वरच्यांनी पाणी सोडलं, चर बुजवला, वीस वर्षांचं सगळं. ऐकून घ्या, मध्ये उपाय सांगू नका. उठताना एवढंच विचारा, उद्या सकाळी तुमच्या रानात एक भोक घेऊ का. गिरमिट माझ्याकडे आहे, लागलं तर घेऊन जा.